इस्रायल–पॅलेस्टाइन : वाचक विचारतात

प्रश्न : आमच्या वाचनालयात इस्रायल–पॅलेस्टाइन विषयावर दोन्ही बाजूंचा परिसंवाद ठेवायचा आहे. पूर्वी एकदा ठेवला होता, तेव्हा अर्ध्या तासात कल्ला झाला आणि अध्यक्षांना आवरतं घ्यावं लागलं. या वेळी काय काळजी घ्यावी?
– एका वाचनालयाचे कार्यवाह, दादर

उत्तर : कल्ला बहुतेक वेळा वक्त्यांमुळे होत नाही, विषयामुळे होतो. ‘इस्रायल बरोबर की पॅलेस्टाइन?’ असं निमंत्रणपत्रिकेवर छापलं की श्रोते बाजू ठरवूनच खुर्चीत बसतात. विषय एका वाक्याचा आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणता येईल असा ठेवा. उदाहरणार्थ : ‘१९४८च्या निर्वासितांना मूळ गावी परतण्याचा हक्क मिळायला हवा’, ‘वेस्ट बँकेतल्या इस्रायली वसाहती हटवल्याशिवाय तडजोड होणार नाही’, ‘२००५मध्ये गाझा सोडल्यावर तिथला इस्रायलचा ताबा संपला’. यातला एकच घ्या. तिन्ही एका संध्याकाळी घेतले तर पुन्हा तेच होईल.

दुसरी गोष्ट, गोष्ट कुठल्या सालापासून सांगायची ते दोन्ही वक्त्यांना आधी बसवून ठरवा. भांडणाची निम्मी कारणं इथेच असतात. एक जण नोव्हेंबर १९१७च्या बाल्फर जाहीरनाम्यापासून सुरू करतो (पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंच्या मायभूमीला ब्रिटिश सरकारने पाठिंबा दिला तो), म्हणजे दोष ब्रिटिशांचा आणि त्यांच्या आश्रयाने आलेल्यांचा. दुसरा ऑगस्ट १९२९पासून सुरू करतो, कारण हेब्रॉनमध्ये ६७ ज्यू मारले गेले ते तेव्हा. एप्रिल १९४८ धरला तर तिथेही दोन तारखा आहेत. ९ तारखेला दैर यासीन गावात शंभरहून अधिक पॅलेस्टिनी मारले गेले, १३ तारखेला हदासा इस्पितळाकडे निघालेल्या ताफ्यावरच्या हल्ल्यात ७८ जण, त्यांत अनेक ज्यू डॉक्टर आणि परिचारिका. जो पहिल्या तारखेला थांबतो आणि जो दुसऱ्या तारखेपासून सुरू करतो, त्या दोघांनाही खोटं पाडता येत नाही. म्हणून दहा-बारा तारखांचा एक फलक दोन्ही वक्त्यांच्या सहमतीने तयार करा, सोबत १९४९च्या युद्धविराम रेषेचा नकाशा लावा, आणि त्यावर व्यासपीठावर वाद घालायचा नाही असं आधीच कबूल करून घ्या.

दीड तास असेल तर वाटणी अशी करा : सूत्रसंचालकाने फलक वाचून दाखवायला दहा मिनिटं, दोन्ही वक्त्यांना पंधरा-पंधरा मिनिटं, मग प्रत्येकाने समोरच्याचं म्हणणं तीन मिनिटांत सांगायचं. समोरच्याने ‘हो, मला हेच म्हणायचं होतं’ असं मान्य केल्याशिवाय पुढे जायचं नाही. हा भाग गाळायचा मोह होतो, गाळू नका. श्रोत्यांचे प्रश्न चिठ्ठ्यांवर लेखीच घ्या. माईक फिरवला की प्रश्नाचं भाषण होतं. चिठ्ठ्या सूत्रसंचालकाने एकत्र करून, सारखे प्रश्न जोडून, पस्तीस मिनिटांत संपवाव्यात. उरलेला वेळ दोघांच्या समारोपाला.

आणि ‘दोन बाजू’ म्हणजे दोन एकसंध गट आहेत असं धरून चालू नका. वसाहतींना कडाडून विरोध करणारे इस्रायली आहेत. ‘पीस नाऊ’ ही त्यांची संघटना १९७८पासून काम करते. पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेने सप्टेंबर १९९३मध्ये यासर अराफत यांच्या पत्राने इस्रायलचा अस्तित्वाचा हक्क मान्य केला. हमासने केलेला नाही. इस्रायलची बाजू मांडणाऱ्याला नेतान्याहूंचा वकील ठरवणं आणि पॅलेस्टाइनची मांडणाऱ्याला हमासचा, हा आळस आहे. सूत्रसंचालकाने असा शेरा आला की तिथल्या तिथे घंटा वाजवावी.

प्रश्न : चार नकाशांचा एक फॉरवर्ड येतो. १९४६ ते आजपर्यंत हिरवा पॅलेस्टाइन आक्रसत जातो आणि पांढरा इस्रायल वाढत जातो. हा खरा की खोटा?
– मुलुंड

उत्तर : चारही नकाशांत काही ना काही खरं आहे, पण प्रत्येकात मोजलेली गोष्ट वेगळी आहे. चुकतं ते इथे.

पहिल्या नकाशात पांढरे ठिपके म्हणजे ज्यूंनी विकत घेतलेली खासगी जमीन. ती एकूण क्षेत्रफळाच्या सहा-सात टक्के होती, हे बरोबर. पण उरलेलं सगळं हिरवं रंगवलंय. त्यात अरबांची खासगी जमीन आहे तशीच सरकारी जमीन आणि दक्षिणेचं नेगेव वाळवंटही आहे. एका रंगात मालकी, दुसऱ्यात मालकी अधिक सरकारी अधिक ओसाड. दुसरा नकाशा संयुक्त राष्ट्रांच्या २९ नोव्हेंबर १९४७च्या फाळणी योजनेचा. ती योजना होती, जमिनीवर कधी उतरली नाही. तिसरा १९४९ ते १९६७चा. त्यात हिरवा दाखवलेला वेस्ट बँक जॉर्डनच्या ताब्यात होता आणि गाझा इजिप्तच्या. पॅलेस्टिनी राज्य तेव्हाही नव्हतं. चौथ्यात बहुधा १९९०च्या दशकातल्या इस्रायल–पॅलेस्टिनी ओस्लो करारानंतरचे वेस्ट बँकेतले ‘अ’ आणि ‘ब’ विभाग हिरवे असतात, म्हणजे पॅलेस्टिनी प्राधिकरणाचा, म्हणजे त्या कराराने आलेल्या मर्यादित स्वशासनाचा, काही ना काही कारभार जिथे चालतो तेवढाच भाग.

थोडक्यात मालकी, प्रस्ताव, लष्करी ताबा आणि नागरी कारभार अशा चार मापांनी चार चित्रं काढून ती एका ओळीत लावली आहेत. १९४८ आणि १९६७च्या युद्धांत पॅलेस्टिनींच्या हातून जमीन गेली आणि वेस्ट बँकेत ती आजही जाते आहे, ही गोष्ट खरीच आहे. ती सांगायला हा फॉरवर्ड लागत नाही.

दुसऱ्या बाजूचाही एक नकाशा फिरतो, तोही तपासून पाहा : मोरोक्कोपासून ओमानपर्यंत २२ अरब देश आणि मधोमध इस्रायलचा इवलासा ठिपका. सोबत ओळ, ‘एवढी जमीन असताना यांना एवढीशीही का हवी?’ त्यात पॅलेस्टिनी माणूस म्हणजे कुठेही हलवता येणारा अरब असं गृहीत धरलंय. वेस्ट बँकेतल्या नाब्लुसच्या माणसाला मोरोक्कोत घर मिळत नाही. आणि अरब लीगचे जे २२ सदस्य मोजले जातात, त्यात एक स्वतः पॅलेस्टाइन आहे.

प्रश्न : ज्यूंनी जमिनी पैसे मोजून विकत घेतल्या. मग ‘बळकावल्या’ का म्हणतात? आणि जमीन ओसाडच होती ना?
– लालबाग

उत्तर : १९४८पूर्वीची जमीन आणि नंतरची जमीन वेगळी करा, नाहीतर उत्तर सापडणार नाही.

१९४८पर्यंत घेतलेली जमीन खरेदीखतानेच घेतली गेली आणि बऱ्याचदा बाजारभावापेक्षा चढ्या किमतीला. विकणारे कोण? मोठा वाटा शहरांत राहणाऱ्या जमीनदारांचा. बैरूतच्या सुरसुक कुटुंबाने १९२०च्या दशकात मर्ज इब्न आमिर, म्हणजे जेझरील खोऱ्यातली हजारो एकर जमीन विकली. विकणाऱ्यांत पॅलेस्टिनी प्रतिष्ठितही होते. ही बाब पॅलेस्टाइनची बाजू मांडणारे टाळतात.

आता दुसरी बाजू. तुर्की सरकारने १८५८मध्ये जमीन नोंदणीचा कायदा केला. नाव लागलं की कर आणि लष्करभरती मागे लागेल या धास्तीने पुष्कळ शेतकऱ्यांनी जमीन गावच्या किंवा शहरच्या बड्या माणसाच्या नावावर चढू दिली. पिढ्यान्‌पिढ्या कसणारा वेगळा, कागदावरचा धनी वेगळा. कोकणातली खोती आणि कुळं ज्यांच्या घरात माहीत आहेत त्यांना हे समजावून सांगायला नको. खोताने मुंबईत बसून सही केली आणि कुळाला बांधावरून उठवलं, तर सही कायदेशीर असते आणि कुळाचा संतापही खराच असतो. इथे भर अशी की नवा मालक जमीन पुन्हा त्याच कुळाला कसायला देत नव्हता, कारण जमिनी विकत घेणाऱ्या ‘ज्यू राष्ट्रीय निधी’ या संस्थेच्या जमिनीवर ज्यूंनीच राबायचं असं धोरण होतं.

‘ओसाड’बद्दल १९२२ची ब्रिटिश जनगणना पाहा : एकूण लोकसंख्या सुमारे ७ लाख ५७ हजार, त्यात ज्यू साधारण ८४ हजार. नेगेव ओसाड होतं, काही खोऱ्यांत दलदल आणि हिवताप होता, आणि ज्यू वसाहतवाल्यांनी ती दलदल उपसली हे खरं. पण याफाची संत्री त्याआधीपासून युरोपला जात होती.

१९४८नंतर मात्र खरेदीचा प्रश्न उरत नाही. युद्धात सुमारे ७ लाख पॅलेस्टिनी घरं सोडून गेले किंवा हाकलले गेले. त्यांच्या जमिनी १९५०च्या गैरहजर मालमत्ता कायद्याने इस्रायली सरकारकडे गेल्या. ‘विकत घेतली’ हे उत्तर सहा-सात टक्क्यांना लागू पडतं. १९४९मध्ये इस्रायलकडे एकूण भूभागाच्या सुमारे ७८ टक्के होता.

प्रश्न : माझे आईवडील फाळणीत कराचीहून नेसत्या कपड्यांनिशी आले, कॅम्पात राहिले, उभे राहिले. परत जायचं कोणी नाव काढलं नाही. मग पॅलेस्टिनींनाच पिढ्यान्‌पिढ्या निर्वासित का ठेवायचं?
– चेंबूर कॅम्प

उत्तर : हा प्रश्न इस्रायलमध्येही अगदी याच शब्दांत विचारला जातो, आणि त्याला वजन आहे. १९४८नंतरच्या दोन-तीन दशकांत अरब देशांतून आठ लाखांवर ज्यू बाहेर पडले. इराकमधून १९५०–५१मध्येच सव्वा लाखाच्या आसपास. बहुतेकांची घरं-दुकानं तिथेच राहिली. इस्रायलने त्यांना आधी तंबूत, मग वस्त्यांत वसवलं आणि नागरिक केलं. म्हणून इस्रायलचं म्हणणं : अदलाबदल झाली, तुमच्याकडच्यांना तुम्ही सामावून घ्या.

पण तुमच्या आईवडिलांना काय मिळालं ते आठवा. भारताचं नागरिकत्व मिळालं, मत मिळालं, १९५४च्या कायद्याने मागे राहिलेल्या मालमत्तेपोटी दाव्याची भरपाई मिळायची सोय झाली. ज्या देशात ते आले तो त्यांना आपला म्हणत होता. पॅलेस्टिनींना जॉर्डनने मोठ्या प्रमाणावर नागरिकत्व दिलं. लेबनॉनने दिलं नाही आणि कित्येक व्यवसायांची दारंही बंद ठेवली. गाझातल्या निर्वासितांना इजिप्तने आपलं म्हटलं नाही. त्यांना राज्यच मिळालं नाही, मग सामावून घेणार कोण? अरब राजवटींनी हा प्रश्न मुद्दाम उघडा ठेवला हा आरोपही निराधार नाही.

पॅलेस्टिनी बोट ठेवतात ते ११ डिसेंबर १९४८च्या संयुक्त राष्ट्रांच्या १९४व्या ठरावावर. परतून शेजाऱ्यांशी शांततेने राहू इच्छिणाऱ्यांना लवकरात लवकर परतू द्यावं, न परतणाऱ्यांना भरपाई द्यावी, असं तो म्हणतो. आमसभेचा ठराव बंधनकारक नसतो, असं इस्रायलचं उत्तर. आज संयुक्त राष्ट्रांच्या मदतसंस्थेकडे नोंदलेले निर्वासित सुमारे ५९ लाख आहेत, कारण नोंदणी वडिलांकडून मुलांकडे जाते. हे सगळे इस्रायलमध्ये परतले तर ज्यू बहुसंख्य राहणार नाहीत. तिथला एकही मोठा पक्ष हे मान्य करणार नाही, डावा असो वा उजवा.

वाटाघाटींच्या टेबलावर मात्र हा प्रश्न इतका अडलेला नव्हता. डिसेंबर २०००मध्ये क्लिंटन यांनी मांडलेल्या चौकटीत निर्वासितांपुढे पाच वाटा होत्या : पॅलेस्टाइनचं नवं राज्य, अदलाबदलीत त्या राज्याला मिळणारा इस्रायलचा भाग, सध्याचा यजमान देश, तिसरा देश, आणि इस्रायलच्या संमतीने इस्रायल. २००२च्या अरब शांतता प्रस्तावातही ‘सहमतीने ठरलेला न्याय्य तोडगा’ असाच शब्दप्रयोग आहे. म्हणजे ‘सगळे परत’ आणि ‘कोणीच नाही’ यांच्या मधली भाषा तयार आहे. ती जाहीर सभेत बोलायची हिंमत कोणत्याही पुढाऱ्याला होत नाही, ही निराळी गोष्ट.

प्रश्न : गांधीजी पॅलेस्टाइनच्या बाजूने होते आणि सावरकर इस्रायलच्या, असं ऐकतो. भारताची भूमिका तेव्हा काय होती आणि आता पूर्ण बदलली का?
– गिरगाव

उत्तर : गांधीजींचा लेख २६ नोव्हेंबर १९३८च्या ‘हरिजन’मधला आहे. त्याचं अर्धंच वाक्य सगळे वापरतात. इंग्लंड जसं इंग्रजांचं तसा पॅलेस्टाइन अरबांचा, हे त्यात आहे. पण लेखाची सुरुवात ज्यूंबद्दलच्या सहानुभूतीने होते, आणि अरबांच्या अत्याचारांचं मी समर्थन करत नाही, हेही त्यात स्पष्ट लिहिलंय. जर्मनीतल्या ज्यूंनी सत्याग्रह करावा असा सल्लाही त्यातच आहे आणि त्यावर तेव्हाच टीका झाली. सावरकरांनी डिसेंबर १९४७मध्ये निवेदन काढून ज्यू राज्याचं स्वागत केलं आणि संयुक्त राष्ट्रांतल्या भारताच्या विरोधी मतावर नापसंती दाखवली.

ते मत असं : पॅलेस्टाइनसाठी नेमलेल्या ११ देशांच्या समितीत भारत होता. भारत, इराण आणि युगोस्लाव्हिया या तिघांनी फाळणीऐवजी संघराज्य सुचवलं. आमसभेत फाळणीच्या बाजूने ३३, विरोधात १३, तटस्थ १०, भारत तेरांत. स्वतःची फाळणी होऊन चार महिनेही झाले नव्हते.

पुढचा प्रवास सरळ रेषेत नाही. मे १९४९मध्ये इस्रायलच्या सदस्यत्वाला विरोध, सप्टेंबर १९५०मध्ये मान्यता, १९५०च्या दशकात मुंबईत इस्रायली वाणिज्य दूतावास, पण दिल्लीत राजदूत नाही. १९७४मध्ये पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेला आणि नोव्हेंबर १९८८मध्ये पॅलेस्टाइन राज्याला मान्यता. मग २९ जानेवारी १९९२ला इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध. मोदी २०१७मध्ये इस्रायलला गेले आणि फेब्रुवारी २०१८मध्ये रामल्लाला.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेतली अलीकडची मतं पाहिली तर ‘पूर्ण बदलली’ म्हणणारा आणि ‘काहीच बदललं नाही’ म्हणणारा, दोघेही अडचणीत येतात. २७ ऑक्टोबर २०२३च्या ठरावावर भारत तटस्थ, १२ डिसेंबर २०२३ला युद्धबंदीच्या बाजूने, सप्टेंबर २०२४मध्ये ‘बारा महिन्यांत ताबा सोडा’ म्हणणाऱ्या ठरावावर तटस्थ, जून २०२५मध्ये पुन्हा तटस्थ, आणि १२ सप्टेंबर २०२५ला दोन राष्ट्रांच्या तोडग्याच्या न्यूयॉर्क जाहीरनाम्याच्या बाजूने. दोन राष्ट्रांचा तोडगा हे कागदावरचं धोरण कायम आहे. इस्रायलवर बोट ठेवणारी भाषा आली की आता मत राखून ठेवलं जातं. इस्रायलकडून होणाऱ्या शस्त्रखरेदीचा त्यात हात आहे हे उघड आहे. वादात मुद्दा मांडताना ‘भारताने पाठिंबा दिला’ एवढं म्हणू नका. कोणत्या तारखेचा ठराव ते सांगा.

प्रश्न : गाझातल्या मृतांचा आकडा हमास देतं. मग विश्वास कसा ठेवायचा?
– बोरिवली

उत्तर : आकडा गाझाच्या आरोग्य मंत्रालयाचा असतो आणि ते हमासच्या प्रशासनाखाली चालतं, हे खरं. पण आकडा कसा तयार होतो ते पाहा. इस्पितळात आणि शवागारात नोंद झालेले मृत, अधिक कुटुंबीयांनी अर्जाने कळवलेले. नाव, वय, ओळखपत्र क्रमांक यांसह याद्या वेळोवेळी जाहीर होतात. २०१४च्या युद्धानंतर मंत्रालयाचा आकडा २३१० होता, संयुक्त राष्ट्रांचा २२५१ आणि इस्रायलचा २१२५. एकूण संख्येत फार मोठी फेकाफेक नव्हती.

अडचण दुसरीकडे आहे. या आकड्यात लढवय्ये आणि नागरिक वेगळे केलेले नसतात, ढिगाऱ्याखाली सापडायचे राहिलेले धरलेले नसतात, आणि उपासमार किंवा औषधाविना गेलेले बहुतांशी नसतात. म्हणून ‘इतके निरपराध मारले’ असं त्या आकड्यावरून थेट लिहिता येत नाही, आणि आकडा फुगवलेलाच असणार असंही म्हणता येत नाही. २०२५च्या अखेरीला तो ७० हजारांच्या वर गेला होता.

मे २०२४मधलं उदाहरण लक्षात ठेवण्याजोगं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या तक्त्यात मृत महिला आणि मुलांची संख्या अचानक जवळपास निम्म्यावर आली आणि ‘खोटेपणा उघड झाला’ असे मेसेज फिरले. एकूण आकडा तोच, सुमारे ३५ हजार होता. आधीची विभागणी गाझातल्या सरकारी माध्यम कार्यालयाची होती. नव्या तक्त्यात फक्त पूर्ण ओळख पटलेले धरले होते. म्हणजे आधीची विभागणी कच्ची होती, पण निम्मी माणसं जिवंत झाली नव्हती.

इस्रायलचा आकडाही बदललाय. ७ ऑक्टोबर २०२३च्या हल्ल्यातले मृत आधी १४०० सांगितले गेले, नोव्हेंबरमध्ये ते सुमारे १२०० झाले, कारण जळालेल्या मृतदेहांपैकी काही हल्लेखोरांचे निघाले. ओलीस २५१. मोजदाद चालू असताना आकडा सुधारला जाणं हे लपवाछपवीचं लक्षण नसतं. कुठलाही आकडा लिहाल तेव्हा कोणाचा, कोणत्या तारखेपर्यंतचा आणि त्यात कोण धरलंय, या तीन गोष्टी सोबत लिहा.

प्रश्न : आंतरराष्ट्रीय न्यायालयाने इस्रायलला वंशसंहाराबद्दल दोषी ठरवलं आहे ना?
– कायद्याचा विद्यार्थी, चर्चगेट

उत्तर : नाही. हेगमध्ये दोन वेगळी न्यायालयं आहेत आणि वृत्तपत्रांतही त्यांची सरमिसळ होते.

आंतरराष्ट्रीय न्यायालयात देश विरुद्ध देश खटले चालतात. दक्षिण आफ्रिकेने २९ डिसेंबर २०२३ला इस्रायलविरुद्ध वंशसंहारविरोधी कराराखाली दावा लावला. २६ जानेवारी २०२४ला न्यायालयाने अंतरिम आदेश दिले : अशी कृत्यं होऊ देऊ नका, मदत पोचू द्या. पॅलेस्टिनींना या कराराचं संरक्षण मागण्याचा हक्क सकृद्दर्शनी दिसतो, एवढंच त्या टप्प्यावर ठरलं. वंशसंहार झाला की नाही यावर अंतिम निकाल तो नव्हे. एखादा गट नष्ट करण्याचा हेतू सिद्ध करावा लागतो, आणि तेच सर्वांत अवघड असतं. सप्टेंबर २०२५मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने वंशसंहार झाल्याचा निष्कर्ष काढला आणि इस्रायलने तो फेटाळला. पण आयोग म्हणजे न्यायालय नव्हे.

त्याच न्यायालयाचं १९ जुलै २०२४चं मत हा वेगळाच विषय आहे. १९६७पासून ताब्यात असलेल्या प्रदेशात इस्रायलचं राहणं बेकायदा आहे, असं त्यात म्हटलंय. ते सल्लागार मत असल्याने बंधनकारक नाही, पण वजनदार आहे. वसाहतींच्या कायदेशीरपणावर बोलायचं तर हा कागद वापरा, जानेवारीचा नव्हे.

दुसरं न्यायालय आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय. तिथे व्यक्तींवर खटले चालतात. त्याने २१ नोव्हेंबर २०२४ला नेतान्याहू, माजी संरक्षणमंत्री गॅलंट आणि हमासचा मोहम्मद दैफ यांच्यावर अटक वॉरंट काढलं. त्यातले आरोप युद्धगुन्हे आणि मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांचे आहेत, नेतान्याहूंच्या वॉरंटमध्ये वंशसंहार नाही. इस्रायल या न्यायालयाचा सदस्य नाही. पॅलेस्टाइन २०१५पासून आहे, म्हणून त्याला अधिकार पोचतो. भारतही सदस्य नाही.

प्रश्न : २००५मध्ये इस्रायल गाझातून निघून गेलं, तरी रॉकेटं आलीच. मग जमीन सोडून फायदा काय?
– विलेपार्ले

उत्तर : इस्रायली मतदाराच्या मनात सर्वांत खोल गेलेला युक्तिवाद हाच आहे, त्याला हलक्यात घेऊ नका. २१ वसाहती आणि आठ हजारांच्या आसपास रहिवासी स्वतःच्या सैन्याकरवी हलवले, आणि जानेवारी २००६च्या पॅलेस्टिनी संसदेच्या निवडणुकीत हमासने १३२पैकी ७४ जागा जिंकल्या, जून २००७मध्ये गाझाचा ताबा घेतला.

पॅलेस्टिनी उत्तर असं : आकाश, किनारा, इजिप्तकडचं रफाह सोडून बाकीची नाकी आणि लोकसंख्येची नोंद हे सगळं इस्रायलकडेच राहिलं, मग सोडलं काय? शिवाय हे सोडणं एकतर्फी होतं, पॅलेस्टिनी प्राधिकरणाचे अध्यक्ष महमूद अब्बास यांच्याशी करार करून नव्हतं. म्हणून श्रेय वाटाघाटी करणाऱ्यांना मिळालं नाही, बंदूक चालवणाऱ्यांनी ते लाटलं. आमच्या मते या शेवटच्या मुद्द्याला दोन्ही बाजू पुरेसं महत्त्व देत नाहीत. सिनाईसुद्धा इस्रायलने सोडलं, पण इजिप्तशी झालेल्या १९७९च्या कराराने आणि टप्प्याटप्प्याने १९८२पर्यंत, आणि ती सीमा अजून टिकून आहे.

प्रश्न : आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. तिकडे काही घडलं की सोसायटीच्या ग्रुपवर ‘तुमच्या लोकांनी’ असं सुरू होतं.
– ठाणे

उत्तर : कुर्ल्याच्या एका मुस्लिम वाचक भगिनींचंही नेमकं हेच पत्र आहे, फक्त ‘तुमच्या लोकांनी’ दुसऱ्या दिशेने. ग्रुपच्या ॲडमिनने एक नियम लावावा : देश, सरकार, संघटना यांची नावं घ्यायची, शेजाऱ्याचा धर्म नाही. नियम मोडणारा मेसेज काढून टाकावा, त्यावर चर्चा ठेवू नये. बाकी, कोकणातल्या ‘शनिवार तेल्यां’च्या (बेने इस्राएलांचं जुनं नाव) वारसांना नवख्या इस्रायलमध्येही पूर्ण ज्यू म्हणून मान्यता मिळवायला झगडावं लागलं आणि १९६४मध्ये तिथल्या संसदेला त्यासाठी ठराव करावा लागला. म्हणजे तिथलं प्रत्येक सरकारी मत यांचंही मत असतं असं धरणाऱ्यांना तो इतिहासच ठाऊक नाही.

प्रश्न : दोन राष्ट्रांचा तोडगा अजून शक्य आहे का? एका वाक्यात सांगा.
– परळ

उत्तर : नकाशावर शक्य आहे, आजच्या दोन्हीकडच्या राजकारणात नाही. एका वाक्यावर भागणार नाही म्हणून दोन-चार आणखी. पूर्व जेरुसलेम सोडून वेस्ट बँकेत पाच लाखांच्या आसपास वसाहतवाले आहेत. त्यातले बरेच सीमेलगतच्या मोठ्या वसाहतींत राहतात, म्हणून जमिनीची अदलाबदल करून रेषा आखता येते, असं वाटाघाटी करणारे वर्षानुवर्षं सांगत आले. पण जेरुसलेमच्या पूर्वेची ‘ई-वन’ योजना ऑगस्ट २०२५मध्ये मंजूर झाली. ती बांधली गेली तर वेस्ट बँकेचा उत्तर आणि दक्षिण भाग जोडणं फार कठीण होईल. जुलै २०२४मध्ये इस्रायली संसदेने पॅलेस्टिनी राज्याविरुद्ध ६८ विरुद्ध ९ मतांनी ठराव केला. दुसरीकडे पॅलेस्टिनी प्राधिकरणाची संसदीय निवडणूक २००६नंतर झालेली नाही, त्यामुळे सही करणाऱ्याच्या मागे कोण उभं आहे हेच कळत नाही. सप्टेंबर २०२५मध्ये ब्रिटन, फ्रान्स, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांनी पॅलेस्टाइनला मान्यता दिली, पण मान्यता मिळाली तरी ‘क’ विभागातली, म्हणजे वेस्ट बँकेच्या साठ टक्के जमिनीवरची, बांधकामाची परवानगी अजूनही इस्रायली लष्करी प्रशासनाकडूनच घ्यावी लागते.